गेम दुसऱ्या ड्राइव्हवर हलवताय? आधी सेव्हची कॉपी काढा

सी ड्राइव्हची पट्टी लाल झाली की पहिली कुऱ्हाड गेमवर पडते. गेम बिघडला तर पुन्हा डाउनलोड होईल, फार तर इंटरनेटचा डेटा खर्च होईल. पण 'स्टारड्यू व्हॅली' या शेतीच्या गेममध्ये रात्र रात्र जागून उभं केलेलं शेत पुन्हा डाउनलोड होईलच याची खात्री नसते.

गोंधळ होतो तो इथे: गेम एका जागी असतो आणि सेव्ह, म्हणजे खेळातली प्रगती साठवणाऱ्या फाइल्स, भलतीकडे. स्टारड्यू डी ड्राइव्हवर हलवला तरी त्याचं शेत सी ड्राइव्हवरच राहतं. गेम त्यामुळे नीट चालतो. पण 'गेम डीवर आहे ना' म्हणून कुणी निर्धास्तपणे सी फॉरमॅट केला, तर शेत जाऊ शकतं.

हा गेम रात्री झोपल्यावरच सेव्ह होतो, तेव्हा आधी पात्राला झोपवा, नवा दिवस उजाडू द्या आणि मग गेम बंद करा. गेम ज्यातून विकत घेता आणि डाउनलोड करता, त्या स्टीम ॲपमधूनही बाहेर पडा.

आता विंडोज आणि आर ही बटणं एकत्र दाबा. चौकटीत इंग्रजीत ॲपडेटा हा शब्द टाइप करून त्याच्या मागे-पुढे टक्क्याचं चिन्ह द्या आणि एंटर दाबा. एरवी लपवलेलं हे फोल्डर थेट उघडतं. त्यात 'स्टारड्यूव्हॅली' आणि त्यात 'सेव्ह्ज'. प्रत्येक शेताचं वेगळं फोल्डर असतं, नावात पात्राचं नाव आणि पुढे लांबलचक आकडा. आत त्याच नावाची मुख्य फाइल आणि 'सेव्हगेमइन्फो' अशा दोन्ही फाइल्स लागतात, म्हणून अख्खं फोल्डरच कॉपी करा. नाव बदलू नका. शेवटी 'ओल्ड' असलेल्या फाइल्स आधीच्या सेव्हच्या असतात. त्याही राहू द्या, अडचणीत कामी येतात.

कॉपीच करा, कट नको. पेनड्राइव्हवर तारखेच्या नावाचं फोल्डर करून त्यात पेस्ट करा. डी ड्राइव्हवर ठेवून समाधान मानू नका. पुष्कळ कॉम्प्युटरमध्ये सी आणि डी एकाच डिस्कचे भाग असतात.

इतर गेमचे पत्ते वेगळे. माइनक्राफ्टच्या जावा आवृत्तीची जगं याच ॲपडेटात, 'डॉट माइनक्राफ्ट'मधल्या 'सेव्ह्ज'मध्ये सापडतात. 'जीटीए व्हाइस सिटी' आणि 'विचर 3' डॉक्युमेंट्समध्ये आपापलं फोल्डर करतात. तिथे दिसलं नाही तर वनड्राइव्हमधलं डॉक्युमेंट्स पाहा. 1999 सालच्या मूळ 'एज ऑफ एम्पायर्स 2'सारखे जुने गेम मात्र सेव्ह स्वतःच्याच फोल्डरात ठेवतात. अशा वेळी आधी अनइन्स्टॉल करणं म्हणजे स्वतःच्या हाताने घात. नेमका पत्ता हवा असेल तर 'पीसीगेमिंगविकी' या वेबसाइटवर गेमचं नाव शोधा.

हलवण्याचं काम सोपं. स्टीममध्ये गेमवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, इन्स्टॉल्ड फाइल्स, मग 'मूव्ह इन्स्टॉल फोल्डर'. फोल्डर हाताने ओढत नेऊ नका.

गेम पुन्हा सुरू करताना क्लाउड (स्टीमने इंटरनेटवर ठेवलेली प्रत) आणि कॉम्प्युटर यांतली कोणती सेव्ह ठेवायची असं स्टीमने विचारलं, तर घाईने क्लिक करू नका. दोन्हींची तारीख-वेळ दिसते. शेवटचं जिथे खेळलात ती निवडा. मग शेत उघडा आणि ऋतू, दिवस, पैसे ताडून पाहा.

जुळलं नाही तर गेम बंद करा, प्रॉपर्टीजमध्ये त्या गेमचं स्टीम क्लाउड तात्पुरतं बंद करा. 'सेव्ह्ज'मधलं चुकीचं फोल्डर न पुसता डेस्कटॉपवर काढून ठेवा आणि पेनड्राइव्हवरचं तिथे पेस्ट करा. शेत नीट उघडून पुढचा एक दिवस सेव्ह झाला की क्लाउड परत चालू करा.