सोलापूरहून मुंबईला येताय? खोली बघण्याआधी लोकल बघा

जून उजाडला की जुळे सोलापुरातून, होटगी रोडवरून फोन सुरू होतात. "मावशी, पोराला नोकरी लागली, फोर्टात हापिस आहे. बदलापूरला खोली स्वस्तात मिळते म्हणतेत. घेऊ का?" मी म्हणते, भाड्याचं नंतर बोलू. आधी सांग, सकाळी आठ ते नऊ त्या स्टेशनातून किती लोकल सुटतात? मागून भरून येऊन जातात नव्हे, तिथूनच सुटतात.

सोलापुरात राहून हा प्रश्न सुचत नाही, त्यात कोणाची चूक नाही. आपल्याला गाडी नावानं माहीत असते. सिद्धेश्वर रात्रीची, हुतात्मा पुण्याची, २०२३ च्या फेब्रुवारीपासून वंदे भारत. चुकली की तो बेत गेला. म्हणून आपण तासभर आधी स्टेशनात, डबा जिथे लागतो तिथेच सामान मांडून. आत चढलं की बर्थला नंबर, स्लीपरमध्ये जुन्या डब्यात ७२ आणि नव्यात ८०. गाडी कितीही भरली तरी आपली जागा आपली. मुंबईत गाडीला नाव नाही आणि माणसाला नंबर नाही. तिथं दोनच गोष्टी विचारायच्या: दोन गाड्यांत अंतर किती, आणि गाडी आपल्यापर्यंत येते तेव्हा तिच्यात जागा किती उरते.

मध्य रेल्वे दिवसाला १,८०० च्या आसपास लोकल चालवते, पश्चिम रेल्वे १,४०० च्या. मध्य रेल्वेच्या सीएसएमटीला, म्हणजे छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसला, १८ फलाट. त्यातले पहिले ७ लोकलचे, बाकी आपल्या सिद्धेश्वरसारख्या लांबच्या गाड्यांचे. पश्चिम रेल्वेच्या चर्चगेटला मात्र सगळे मिळून ४. नवीन माणसाला वाटतं, चार फलाटांचं स्टेशन म्हणजे आपल्या कुर्डुवाडीएवढं असेल. संध्याकाळी सहाला तिथं उभं राहून बघा. स्लोची, म्हणजे सगळीकडे थांबणारी गाडी तीन-साडेतीन मिनिटांनी, मोजक्या स्टेशनांवर थांबणारी फास्टचीही तशीच, म्हणजे प्रत्येक फलाटावर सहा-सात मिनिटांत गाडी येऊन, रिकामी होऊन, भरून परत निघालेली असते. शेवटचं स्टेशन असल्यानं गाडी वळवायची नसते, फक्त टोक बदलायचं असतं. गाडी थांबते तेव्हा दुसऱ्या टोकाला पुढचा मोटरमन तयार असतो. गाडी धुवायची नाही, चादरी बदलायच्या नाहीत, पाणी भरायचं नाही. लांबच्या गाडीला हे सगळं लागतं, म्हणून ती फलाट अडवते आणि मग यार्डात जाते.

दुसरं कारण असं की पश्चिमेच्या लांबच्या गाड्या मुंबई सेंट्रललाच थांबतात. त्यापुढे चर्चगेटपर्यंत रूळ फक्त लोकलचे. मध्य रेल्वेवर मेल-एक्स्प्रेस थेट सीएसएमटीत येतात. कुर्ला ते कल्याण त्यांच्यासाठी पाचवी-सहावी लाईन आहे, ठाणे-दिवा हा तिचा राहिलेला तुकडा २०२२ मध्ये सुरू झाला. पण कुर्ल्यापासून सीएसएमटीपर्यंत त्या फास्ट लोकलच्याच रुळांवर येतात. सकाळी एखादी एक्स्प्रेस उशिरा आली की तिच्या मागे लोकलची रांग लागते. तेव्हा दोन्ही लाईनीत निवड असेल आणि घर परवडत असेल, तर वेळेच्या बाबतीत पश्चिम बरी, असं मी डोंबिवलीकर असूनही सांगते. परवडणार नाही, हे वेगळं.

आता बदलापूर. सीएसएमटीहून कल्याणपर्यंत सगळ्या गाड्या एकाच वाटेनं येतात, म्हणून कल्याणला लोकलचा तोटा नाही. पण कल्याणला वाट फुटते. एक कर्जतकडे, एक कसाऱ्याकडे. गाड्याही वाटल्या जातात. अंबरनाथ, बदलापूर, टिटवाळा इथं काही गाड्या संपतात, आणि त्यापुढे वांगणी, खडवलीला तर गाडी गेली की पुढचीसाठी बराच वेळ हात चोळत बसायचं. बदलापूरचं एक बरं आहे. तिथून सुटणारी लोकल पकडली तर बसायला मिळतं. पण एक गाडी रद्द झाली की पुढच्या गाडीत दोन गाड्यांची माणसं. ठाण्याला गाडी रद्द झाली तर पुढची पाच मिनिटांत असते, शिव्या घालून माणूस चढतो. हे लक्षात ठेवा: जिथं गाड्या विरळ, तिथं एका गाडीच्या गोंधळाची किंमत मोठी.

माझा कौल असा. हापिस फोर्टात असेल तर ठाणे किंवा डोंबिवली. दोन्हीकडून लोकल सुटतात. डोंबिवलीला सकाळी कर्जत-कसाऱ्याच्या फास्टमध्ये शिरण्याचा नाद पहिले सहा महिने करू नका, त्या आधीच भरून येतात. डोंबिवली लोकल घ्या. स्लो असली तर पंधरा-वीस मिनिटं जास्त जातील, पण हातातला जेवणाचा डबा खाली न पडता पोहोचाल. काही जण डाऊन करून येतात, म्हणजे उलट दिशेच्या गाडीत बसून कल्याणला जातात आणि त्याच गाडीनं बसून परत येतात. करायचं तर पास कल्याणपासूनचा काढा. टीसीनं पकडलं तर कमीत कमी २५० रुपये दंड आणि वर तिकिटाचे पैसे. हापिस ऐरोली किंवा घणसोलीत असेल तर ठाण्याहून थेट तिकडे जाणारी ट्रान्सहार्बर लोकल आहे, तेव्हा सीएसएमटीचा विचारच सोडा.

डब्यांचा हिशेब साधा आहे. बारा डब्यांच्या लोकलला बसायच्या जागा साधारण बाराशेच्या आत-बाहेर, आणि गर्दीच्या वेळी आत माणसं साडेचार-पाच हजार. एका चौरस मीटरला १४ ते १६ उभी माणसं, असा आकडा रेल्वेच्याच कागदांत येतो. घरात मीटरभर पट्टी आडवी-उभी ठेवून कल्पना करा. पंधरा डब्यांची गाडी म्हणजे सव्वापट जागा. इंडिकेटरवर डब्यांचा आकडा येतो, तो वाचा. बाराच्या गाडीसाठी पंधराच्या टोकाला उभे राहिलात तर पळावं लागेल. तिथली अक्षरंही पाठ करा: के कल्याण, टी ठाणे, डीएल डोंबिवली, बीएल बदलापूर, एन कसारा, एस कर्जत. आणि एस म्हणजे स्लोसुद्धा, कुठल्या जागी लिहिलंय त्यावर ठरतं. हे कोणाच्या डोक्यातून निघालं देव जाणे.

गाड्या वारंवार असणं आणि जागा असणं वेगळं, हे शिकायचं तर सकाळी घाटकोपरला जा. खाली बारा डब्यांची लोकल रिकामी होते, आणि त्यातली बरीच माणसं जिना चढून अंधेरी-वर्सोव्याच्या मेट्रोकडे जातात. ती २०१४ पासून चालू आहे, गर्दीला तीन-चार मिनिटांनी गाडी. पण गाडी चार डब्यांची, जास्तीत जास्त दीडेक हजार माणसांची. म्हणून रांग जिन्यापर्यंत येते. अंधेरीला हापिस असेल तर हा वेळ आधीच धरा.

एसी लोकलचंही तसंच. २०१७ च्या नाताळला पहिली धावली, दारं बंद होतात, आत गारवा. महिन्याचा पास परवडत असेल तर बिनधास्त काढा. पण साध्या गाडीच्या वेळेवर एसी लावली की साधा पास असलेल्याच्या दृष्टीनं एक गाडी कमी झाली. २०२२ च्या ऑगस्टमध्ये कळवा आणि बदलापूरला लोक यावरूनच भडकले होते. तुमची ८:१२ साधी आहे की एसी, हे खोली घेण्याआधी विचारा.

पोरींसाठी वेगळं सांगते. लेडीज डबे गाडीत ठरावीक जागी असतात, फलाटावर ती जागा चार दिवसांत कळते, कारण तिथं आधीच घोळका उभा असतो. आत चढल्यावर बसलेलीला विचारायचं, "कुठं उतरणार?" ती "मुलुंड" म्हणाली की मुलुंडपासून ती जागा तुमची, मध्ये कोणी घेत नाही. तोपर्यंत चौथी सीट, म्हणजे तिघींच्या बाकड्यावर अर्धं अंग टेकवणं. लेडीज स्पेशल १९९२ पासून आहे, तिची वेळ जुळली तर नशीब.

दारात लटकू नका. ९ जून २०२५ ला मुंब्र्याजवळ भरलेल्या गाड्यांतून पडून माणसं गेली, तीही रोजची जाणारी-येणारी होती. गाडी सोडा. सोलापूरची सवय असते, गाडी सुटली म्हणजे काहीतरी बुडालं असं वाटतं. इथं मागची येतेच.

येण्याचा दिवस: सिद्धेश्वरनं येत असाल आणि खोली डोंबिवली-ठाण्याकडे असेल तर कल्याणलाच उतरा. सीएसएमटीपर्यंत जाऊन मागं येण्यात पहाट जाते. सामान दोन बॅगांच्या वर असेल तर वंदे भारत बरी, दुपारी पोहोचते, तेव्हा लोकलमध्ये बॅग ठेवायला जागा असते. सकाळी आठ ते साडेदहा मुंबईकडे आणि संध्याकाळी साडेपाच ते नऊ उलट, या वेळात गादीची वळकटी घेऊन लोकलला हात लावू नका, लोक तोंडावर बोलतील आणि बरोबर बोलतील. रविवारी येत असाल तर शनिवारी मेगाब्लॉक, म्हणजे रुळांच्या दुरुस्तीसाठी बंद ठेवलेली लाईन, कुठं आहे ते बघून ठेवा. ब्लॉकमध्ये फास्ट स्लोच्या रुळांवर येते, नाहीतर स्लो फास्टच्या रुळांवर जाते, आणि मग ती काही स्टेशनांवर थांबतही नाही.

आणि गड्ड्याला, म्हणजे संक्रांतीच्या सिद्धेश्वर यात्रेला, घरी यायचं तर नोव्हेंबरच्या मध्याला तिकीट काढा. आगाऊ आरक्षण आता ६० दिवसांचं आहे, पूर्वीसारखं १२० चं नाही. सिद्धेश्वरला डबे वाढत नाहीत आणि त्या आठवड्यात अख्ख्या मुंबईतले सोलापूरकर तिच्यावरच टपलेले असतात.