जायरोचा आकडा थरथरतोय? आधी मिलिव्होल्ट मोजा, मग एडीसी विकत घ्या

मांडवीत खोली मोजत सरळ रेषेत फिरेल अशी छोटी रिमोटची होडी बनवायचं चाललंय माझं. दोना पावलाच्या एनआयओने (राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने) पाण्याखालून आपोआप चालणारं ‘माया’ बनवलं हे वाचल्यापासून डोक्यात होतं. दिशा धरून ठेवायला अ‍ॅनालॉग डिव्हायसेसचा एडीएक्सआरएस६१३ जायरो लावलाय, म्हणजे होडी किती वेगाने वळतेय ते व्होल्टेजमध्ये सांगणारा सेन्सर, आणि वाचायला अर्डुइनो उनो हा छोटा कंट्रोलर बोर्ड. होडी जमिनीवर ठेवली, कोणी हात लावला नाही, तरी आकडा थरथरतो. यावर ज्याला विचारावं तो एकच सांगतो, उनोचा एडीसी (व्होल्टेजचा आकडा करणारा भाग) १० बिटचा आहे, १६ बिटचा मॉड्युल घे. पैसे घालवायच्या आधी एक छोटा हिशोब करा, पाच मिनिटांचं काम आहे.

डेटाशीटमध्ये या जायरोचा नॉइज, म्हणजे त्याचा स्वतःचा खरखराट, ०.०४ डिग्री प्रति सेकंद प्रति रूट हर्ट्झ दिलाय. म्हणजे नॉइज किती येणार ते बँडविड्थवर (किती जलद बदल पुढे जाऊ देता त्यावर) ठरतं, आणि बँडविड्थ तुम्ही एका कपॅसिटरने ठरवता, आतला रेझिस्टर १८० किलोओहमचा आहे, बाहेर २२ नॅनोफॅरड लावला की ४० हर्ट्झ. साध्या आरसी फिल्टरसाठी त्याला १.५७ ने गुणायचं, ६२.८ झाले, वर्गमूळ ७.९, गुणिले ०.०४ म्हणजे साधारण ०.३२ डिग्री प्रति सेकंद. सेन्सर एका डिग्री प्रति सेकंदाला १२.५ मिलिव्होल्ट देतो, म्हणजे नॉइज झाला ४ मिलिव्होल्ट आरएमएस (आकडा सरासरीभोवती साधारण किती हलतो ते). हा ४ चा आकडा वहीत मोठ्या अक्षरात लिहून ठेवा, पुढचं सगळं यावर आहे.

आता एडीसी. ५ व्होल्टचे १०२४ भाग केले की एक स्टेप ४.८८ मिलिव्होल्टची, म्हणजे ०.३९ डिग्री प्रति सेकंद, ऐकायला जाड वाटते. पण स्टेपमुळे होणारी चूक आरएमएसमध्ये स्टेप भागिले ३.४६ एवढीच असते, १.४ मिलिव्होल्ट. दोन नॉइज सरळ बेरीज होत नाहीत, वर्गांची बेरीज करून वर्गमूळ काढायचं, ४ आणि १.४ मिळून ४.२४. म्हणजे १० बिटच्या एडीसीने फक्त ६ टक्के बिघडवलं! १२ बिट घेतला तर तेही राहत नाही, आणि १६ बिटमध्ये खालचे बिट नुसता जायरोचाच खरखराट मोजत बसतात. हेच तुमचा जायरो एका डिग्रीला ०.६७ मिलिव्होल्ट देणारा मुराताचा ईएनसी-०३ असेल तर गोष्ट वेगळी, तिथे उनोची एक स्टेप ७ डिग्री प्रति सेकंदाच्या वर जाते, तिथे अ‍ॅम्प्लिफायर किंवा जास्त बिट पाहिजेतच. म्हणून म्हणतो सेन्सर बघून ठरवा.

ओव्हरसॅम्पलिंगने, म्हणजे एकाऐवजी अनेक रीडिंग घेऊन, बिट वाढतात हे खरं आहे, १६ रीडिंगची बेरीज करून ४ ने भागली की २ बिट जास्त मिळतात, पण दोन गोष्टी लोक विसरतात. एक, सिग्नलमध्ये निदान अर्ध्या स्टेपएवढा नॉइज असावा लागतो, नाहीतर सोळाही वेळा तोच आकडा येतो, म्हणून कपॅसिटर फार मोठा लावून सगळं गुळगुळीत करू नका. दोन, उनो एक रीडिंग सुमारे १०४ मायक्रोसेकंदात घेतो, सोळा रीडिंग एकामागोमाग घेतली तर तेवढ्या वेळात ४० हर्ट्झचा नॉइज हललेलाच नसतो, सोळाही रीडिंग एकाच बाजूला चुकलेली असतात. ती पसरून घ्या. मी दर १.२५ मिलिसेकंदाला एक घेतो, सोळा म्हणजे बरोबर २० मिलिसेकंद, आणि आपल्याकडची वीज ५० हर्ट्झची असल्यामुळे मेन्सची गुणगुण त्या सरासरीत आपोआप कटते. होडीचं डुलणं एवढं सावकाश असतं की सेकंदाला ५० आकडे खूप झाले.

इतकं करून मला ४ मिलिव्होल्टच्या आतच यायला हवे होते आणि येत होते १५ च्या आसपास. खरी गडबड सप्लायची होती, आणि माझ्या मते बहुतेकांची तिथेच असते. चवथीच्या आधीचे दिवस, हॉलमध्ये माटोळीजवळच्या (गणपतीवर टांगतात ती फळांची आरास) लाइटच्या माळा स्वस्तातल्या अ‍ॅडॅप्टरवर चालू, लॅपटॉप चार्जरवर, त्यात होडीची बॅटरी बक कन्व्हर्टरमधून (भराभर चालू-बंद करून व्होल्टेज उतरवणारं मॉड्युल). एकेक बंद करत गेलो. माळा आणि चार्जर काढल्यावर थोडं कमी झालं, बक कन्व्हर्टर बाजूला काढला तेव्हा आकडा धपकन खाली आला.

माझ्या बक कन्व्हर्टरमधल्या एलएम२५९६ चिपचं स्विचिंग १५० किलोहर्ट्झवर असतं. त्यामुळे सप्लायवर येणारा रिपल (बारीक चढउतार) एडीसीच्या पिनपर्यंत पोचला तर सॅम्पलिंगमध्ये दुमडून हळू सरकणाऱ्या आकड्यासारखा दिसतो, आणि एकदा आत शिरला की कुठलाही सॉफ्टवेअर फिल्टर तो ओळखू शकत नाही, म्हणून अडवायचा पिनच्या आधीच. जायरोच्या आउटपुटला सिरीजमध्ये ४.७ किलोओहम आणि पिनजवळ ग्राउंडला १०० नॅनोफॅरड, कटऑफ येतो ३४० हर्ट्झच्या जवळ, १५० किलोहर्ट्झ चारशेपटीहून खाली जातं. रेझिस्टर १० किलोच्या वर नेऊ नका, उनोच्या एडीसीला ते झेपत नाही. बक ठेवायचाच असेल तर त्याच्यामागे इंडक्टर-कपॅसिटर आणि मग लिनियर रेग्युलेटर, नुसता रेग्युलेटर इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीला फारसा अडवत नाही.

रेग्युलेटरबद्दल अजून एक. ७८०५ ला आउटपुटपेक्षा साधारण २ व्होल्ट जास्त लागतात, आणि दोन सेलची लिपो बॅटरी उतरत उतरत ७ च्या खाली जातेच, मग ५ व्होल्ट ५ राहत नाहीत. एलएम२९४० सारखा लो-ड्रॉपआउट (कमी जादा व्होल्टवर भागवणारा) घ्या, आउटपुटला २२ मायक्रोफॅरड विसरू नका, नाहीतर तो स्वतःच ऑसिलेट करतो.

हा जायरो रेशोमेट्रिक आहे, म्हणजे त्याचा शून्य (न वळताना येणारं व्होल्टेज) सप्लायच्या साधारण अर्ध्यावर असतो. सप्लाय ५ वरून ४.९ झाला की शून्य ५० मिलिव्होल्टने सरकला, म्हणजे ४ डिग्री प्रति सेकंद, एका मिनिटात २४० डिग्री, होडी जागच्या जागी गोल फिरल्यासारखी! एडीसीचा रेफरन्स (ज्या व्होल्टेजशी तुलना करून तो मोजतो) त्याच ५ व्होल्टवर असेल तर दोन्ही बरोबर सरकतात आणि चूक कटून जाते. १६ बिटच्या एडीएस१११५ ला रेफरन्स आतलाच आहे, तिथे हा फायदा जातो, महाग मॉड्युल लावून उलट ड्रिफ्ट (शून्याचं सरकणं) वाढतो तो यामुळे. म्हणून उनो आणि जायरो एकाच स्वच्छ रेग्युलेटरवर, मोटर आणि सर्व्हो वेगळ्या वाटेने, ग्राउंड बॅटरीपाशी एकाच ठिकाणी जोडलेला. जायरोच्या सप्लाय पिनला अगदी चिकटून १०० नॅनोफॅरड आणि जवळच १० मायक्रोफॅरड. ब्रशवाल्या मोटरच्या दोन टोकांमध्ये पण १०० नॅनोफॅरड, तो मोटरवरच सोल्डर करा, वायरच्या दुसऱ्या टोकाला नको.

एमपीयू-६०५० हा डिजिटल जायरो वापरत असाल तर एडीसी आतच आहे, १६ बिट, एका डिग्री प्रति सेकंदाला १३१ काउंट. आतला फिल्टर ४२ हर्ट्झवर ठेवलात तरी चार-पाच काउंट नॉइज राहतोच. सप्लायचे नियम तेच.

तपासायला हजार रीडिंग घेऊन स्टँडर्ड डेव्हिएशन काढा (हाच तो आरएमएस नॉइज), आधी बॅटरीवर मोटर बंद, मग मोटर चालू. मोटर चालू केल्यावर वाढलं तर प्रोपेलर काढून, होडी फोमवर ठेवून परत बघा, कारण थरथर जायरोला खरंच जाणवते, तिथे कपॅसिटर काही करू शकत नाही. शून्य घ्यायचा तो जेटीच्या दगडावर, होडी पाण्यात सोडायच्या आधी, आणि उन्हात पाच-दहा मिनिटं चालू ठेवून, कारण तापमानाबरोबर तो सरकतो. ०.१ डिग्री प्रति सेकंद चुकलं तरी मिनिटाला ६ डिग्री.

आणि आपल्याकडची खारी दमट हवा. सोल्डरिंगनंतर फ्लक्स तसाच ठेवला तर पावसाळ्यात तो ओल धरतो आणि पिनांमधून करंट झिरपायला लागतो. आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुन्या टूथब्रशने बोर्ड घासा, नीट वाळवा, वर कोटिंग मारा, आणि बॅटरीचे कनेक्टर दर महिन्याला उघडून हिरवट झालेत का बघा, तिथेच अर्धा व्होल्ट हरवतो.