कोणाला कोणता चित्रपट सुचवावा

एखादा चांगला चित्रपट सुचवा, असे कोणी म्हटले की आपण लगेच स्वतःच्या आवडीची यादी वाचू लागतो आणि चूक तिथेच होते. लग्नानिमित्त कोल्हापुरात आमच्या घरी उतरलेल्या मामांना मी एकदा तांबड्या-पांढऱ्या रश्श्याचे भरपेट जेवण झाल्यावर ‘कोर्ट’ लावून दिला. चैतन्य ताम्हाणे यांच्या या चित्रपटात कॅमेरा बराच वेळ एका जागी स्थिर राहून न्यायालयातले संथ कामकाज दाखवतो, आणि तो संथपणा हाच त्याचा आशय आहे. मामा मात्र पहिल्या अर्ध्या तासातच घोरू लागले.

म्हणून नाव सांगण्यापूर्वी सोबत कोण बसणार आहे आणि हाताशी वेळ किती आहे, हे विचारून घ्यावे. त्याहून उपयोगी प्रश्न म्हणजे, अलीकडे कोणता चित्रपट अर्धवट सोडला आणि का. ‘काय आवडते’ या प्रश्नाला माणसे शोभेलसे उत्तर देतात, पण कंटाळ्याचे कारण सांगताना सहसा खोटे बोलत नाहीत.

रहस्यपट मागणाऱ्याला मी राजा परांजपे यांचा ‘पाठलाग’ (१९६४) सुचवतो. मात्र आधी ‘मेरा साया’ पाहिला आहे का, हे विचारावेच लागते, कारण १९६६ चा तो हिंदी चित्रपट याच कथेवरून निघाला आणि तो पाहिलेल्याला इथले कोडे आधीच सुटलेले असते. अशा प्रेक्षकाला रहस्याचे आमिष दाखवू नये. काशिनाथ घाणेकर आणि भावना यांच्या अभिनयासाठी पाहा, असे सरळ सांगावे.

विनोदी चित्रपटांत ‘अशी ही बनवाबनवी’ (१९८८) सुचवण्यात अर्थ नाही, कारण निम्म्या घरांत त्याचे संवाद पाठ असतात. राजकारणाची आवड असलेल्याला जब्बार पटेल यांचा ‘सिंहासन’ (१९७९) द्यावा, पण त्यात पात्रे बरीच असल्यामुळे निळू फुले यांनी साकारलेल्या पत्रकारावर लक्ष ठेवा, एवढी सूचना करावी. मुले सोबत असतील तर अविनाश अरुण यांचा ‘किल्ला’ चालतो. साधी कौटुंबिक गोष्ट हवी असल्यास आपल्या भालजी पेंढारकरांचा ‘साधी माणसं’ (१९६५) आहेच. ‘ऐरणीच्या देवा’ हे गाणे लता मंगेशकरांनी आनंदघन या नावाने संगीतबद्ध केले, हे सांगितले की घरातली वडीलधारी मंडळी आपण होऊन येऊन बसतात.

खरी अडचण येते ती जुना चित्रपट सुचवताना. ‘अयोध्येचा राजा’ (१९३२) हा पहिला मराठी बोलपट कोल्हापुरात, प्रभात कंपनीत तयार झाला, आणि हा अभिमान बाळगून आपण तो थेट पाहुण्यांसमोर ठेवतो. पण नाटकी संवाद आणि त्या काळचा ध्वनी यांची सवय नसलेला माणूस दहा मिनिटांत मोबाइल काढतो. त्यासाठी आधी परेश मोकाशी यांचा ‘हरिश्चंद्राची फॅक्टरी’ (२००९) दाखवावा. दादासाहेब फाळके यांनी १९१३ मध्ये ‘राजा हरिश्चंद्र’ कसा घडवला, स्त्री-भूमिकांसाठी पुरुष नट कसे उभे करावे लागले, हे त्यात हसतखेळत कळते. त्यानंतर तीच हरिश्चंद्राची कथा, जेमतेम १९ वर्षांनी, आवाजासह आणि तारामतीच्या भूमिकेत दुर्गा खोटे यांच्यासह पाहताना प्रेक्षक दोष शोधत बसत नाही, केवढी मजल मारली हे पाहू लागतो. दोन्ही चित्रपट एका बैठकीत मात्र दाखवू नयेत. मध्ये एक दिवस जाऊ द्यावा, आणि दुसऱ्या दिवशी जेवणाआधीच बसावे.