क्रँक सेन्सरचा सिग्नल: मॅपला हात लावण्याआधी या चुका टाळा

कळव्याला मामांच्या शेडमध्ये लोखंडी स्टँडवर मारुती ८०० चं जुनं कार्ब्युरेटरवालं इंजिन उभं आहे. एफ८बी, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. डिस्ट्रिब्युटर तसाच ठेवून फक्त कॉइल स्पीडुइनोवर घेतली (आर्डुइनो मेगा बोर्डावर चालणारा, घरी जुळवता येणारा ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कंट्रोलर), तेव्हा पहिल्याच दिवशी आयडलिंग इतकं सुरेख लागलं की मामींनी वरून पेढे पाठवले. मग थ्रॉटल ओढला. ३४०० आरपीएमच्या आसपास इंजिन खोकायला लागलं आणि सायलेन्सरमधून फटाके फुटू लागले. पुढचे तीन रविवार मी टायमिंगचा टेबल, म्हणजे ठिणगी कधी द्यायची ते सांगणारा मॅप, खालीवर करत बसलो. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी. टेबलात काहीच चुकलेलं नव्हतं, क्रँक या क्षणी कुठे आहे हेच ईसीयूला धड कळत नव्हतं.

तेव्हापासून कोणी "ट्यूनिंग जमत नाहीये" म्हणत आलं की मी मॅप बघतच नाही. आधी क्रँकच्या पुलीवरच्या दातेरी चक्राचा दात, मग ते दात मोजणारा सेन्सर, मग वायर, मग कंडिशनर (सेन्सरच्या सिग्नलचे ईसीयूला कळणारे स्वच्छ पल्स करणारं सर्किट), आणि शेवटी सॉफ्टवेअरमधली एज (पल्सची चढती म्हणजे रायझिंग की उतरती म्हणजे फॉलिंग बाजू मोजायची ते), याच क्रमाने जातो. (हे सगळं स्टँडवरच्या किंवा ट्रॅकवरच्या इंजिनाबद्दल आहे. रस्त्यावरच्या गाडीत असे बदल करायला मोटार वाहन कायदा, १९८८ चं कलम ५२ आडवं येतं.)

चक्र चुकीच्या पत्र्याचं

वागळे इस्टेटमध्ये लेझर कटिंगवाल्याकडे ३६-१ चं (३६ दातांची जागा, त्यातला एक मुद्दाम गायब, म्हणजे ईसीयूला फेरीची सुरुवात कळते) ड्रॉइंग घेऊन गेलो, तर तो म्हणाला, "साहेब, स्टेनलेसमध्ये कापून देऊ का? तुमच्याकडे खाडीची हवा, गंजणार नाही." सल्ला प्रेमाचा होता, आणि मी जवळजवळ हो म्हणालो होतो. पण नेहमीचं ३०४ स्टेनलेस चुंबकाला दाद देत नाही आणि व्हीआर (व्हेरिएबल रिलक्टन्स) सेन्सरचा सगळा खेळ चुंबकाचा. आत एक लोहचुंबक, त्याच्या गाभ्याभोवती बारीक तारेची गुंडाळी. समोरून लोखंडी दात गेला की चुंबकीय प्रवाह बदलतो आणि गुंडाळीत व्होल्टेज उमटतं. ३०४ चा दात समोरून गेला तर सेन्सरला तो हवेसारखाच. हॉल गिअर-टूथ सेन्सरचंही (दुसरा प्रकार, गुंडाळीऐवजी चिप असलेला) तेच. त्यामुळे साधं माइल्ड स्टील घ्या आणि गंजाची भीती असेल तर पातळ झिंक प्लेटिंग करून घ्या. शंका आली तर फ्रिजवरचं मॅग्नेट खिशात ठेवून दुकानात जा.

दातांची संख्याही भपक्यासाठी वाढवू नका. ६०-२ म्हणजे बॉशचं, म्हणून तेच हवं असा हट्ट अनेकांचा असतो. १२० मिलिमीटरच्या चक्राचा परीघ साधारण ३७७ मिलिमीटर. त्यात ६० भाग पाडले तर एक दात जेमतेम ३ मिलिमीटरचा होतो, आणि सेन्सरचा गाभाच ४-५ मिलिमीटरचा असतो. म्हणजे एका वेळी दात आणि खाच दोन्ही त्याच्यासमोर आणि सिग्नल मेंगळट. ३६ भागांत दात ५ मिलिमीटरच्या पुढे जातो, तो सेन्सरला स्पष्ट दिसतो. लहान पुलीवर ३६-१ पुरेसं आहे.

चक्र हलतंय, आणि ते डोळ्यांना दिसत नाही

माझे तीन रविवार यातच गेले. चक्र पुलीवर वेल्ड करून घेतलं होतं. नजरेला गोल, फिलर गेज लावला तर ०.८ मिलिमीटर फट, म्हटलं झालं. फिलर मी एकाच दातापाशी लावला होता. नंतर डायल गेज लावून क्रँक हाताने फिरवली तर काटा पाव मिलिमीटर इकडे-तिकडे गेला. वेल्डिंगच्या उष्णतेने चक्र ओढलं गेलं होतं.

पाव मिलिमीटरने काय होतं? फट बदलली की प्रत्येक दाताची उंची, म्हणजे व्होल्टेजचं शिखर, बदलतं. माझ्या बोर्डावर कंडिशनर म्हणून एलएम१८१५ होता. हा चिप आधीच्या शिखराच्या ८० टक्क्यांपर्यंत सिग्नल चढला तरच पुढचा दात मोजायला तयार होतो. शिखराची ती आठवण एका कपॅसिटरवर साठवलेली असते आणि हळूहळू ओसरते. आयडलिंगला चक्राची उंच बाजू जाऊन सखल बाजू येईपर्यंत ती थोडी उतरलेली असते, म्हणून सखल दातही कसाबसा मोजला जातो. ३४०० ला तेवढा वेळ मिळत नाही. उंबरठा वरच राहतो, सखल दात त्याखालून निघून जातो, आणि ईसीयूला वाटतं की गायब दाताची जागा आली. एका फेरीत दोन गायब जागा दिसल्या की सिंक (क्रँकच्या जागेशी ईसीयूचा जमलेला मेळ) गेलं, त्या फेरीत ठिणगी नाही, पुढच्या फेरीत भलत्याच वेळी. फटाके त्याचेच.

आणखी एक गंमत म्हणजे गायब जागेनंतरचा पहिला दात मुळातच इतरांपेक्षा जास्त व्होल्टेज देतो, कारण मोठ्या रिकाम्या जागेनंतर चुंबकीय बदलही मोठा होतो. तोही उंबरठा वर ढकलतो. मॅक्स९९२६ सारख्या चिपमध्ये हा उंबरठा शिखराच्या सुमारे एक तृतीयांशावर असतो, त्यामुळे तिथे अशी चूक बरीच खपून जाते. मी चिप बदलला नाही. पुली क्रँकच्या बोअरवर धरून लेथवर चक्राचा बाहेरचा घेर साफ करून घेतला, हेलकावा ०.०५ वर आला, खोकला गेला. ज्याला लेथ सहज मिळतो त्याने हाच रस्ता धरावा. चिप बदलून वाकडं चक्र चालवून घेणं मला पटत नाही.

दोन वायरी उलट्या

ऐरोलीच्या मित्राचा फोन, रात्री साडेदहाला.

"सकाळी सेल्फ मारला की पट्कन चालू होतं रे. संध्याकाळी तेच इंजिन, तीच बॅटरी, सिंकच धरत नाही."

"लॅपटॉपवरच्या ट्यूनर स्टुडिओमधला दातांचा लॉग काढून पाठव. चालू झाल्यावरचा नको, नुसता सेल्फ मारतानाचा."

लॉग आला आणि दोष पहिल्या नजरेत दिसला. लॉगमध्ये एकेक दांडा म्हणजे एका दातापासून पुढच्या दातापर्यंतचा वेळ. ३६-१ मध्ये सगळे दांडे जवळपास एका उंचीचे आणि प्रत्येक फेरीत एक दांडा दुप्पट उंच असायला हवा. त्याच्याकडे दुप्पट दांडा नव्हताच. शेजारी-शेजारी दोन दांडे होते, दोन्ही दीडपट.

व्हीआर सेन्सरचा सिग्नल सरळ जोडला असेल तर दात जवळ येताना व्होल्टेज वर चढतं, दात बरोबर समोर असताना शून्यातून सरळ खाली कोसळतं, आणि दात लांब जाताना ऋण बाजूने परत येतं. ते कोसळणं तीव्र असतं आणि दाताच्या मधोमध होतं, म्हणून कंडिशनर तिथेच वेळ मोजतो. गायब जागेत एक कोसळणं कमी होतं, म्हणून अंतर नेमकं दुप्पट. वायरी उलट्या झाल्या की सगळं खालचं वर होतं आणि ही कोसळणारी बाजू दोन दातांच्या मधल्या खाचेवर येते. नेहमीच्या खाचेत ते निभावतं. पण गायब दाताच्या रुंद जागेत सिग्नल शून्याच्या आसपास सुस्त पडून असतो, तिथे शून्य केव्हा ओलांडलं ते नक्की सांगता येत नाही. साधारण मधोमध ओलांडतो असं धरलं तर दुप्पट अंतराचे दीड-दीड असे दोन तुकडे पडतात. आणि एक दात गायब असलेल्या चक्रासाठी स्पीडुइनो आधीच्या अंतराच्या दीडपटीहून जास्त अंतर आलं की त्याला गायब जागा समजतो. म्हणजे मित्राचं सिंक अक्षरशः नाणेफेक होती. सकाळी छापा, संध्याकाळी काटा.

सेन्सरच्या दोन वायरी अदलाबदल, दोन मिनिटांचं काम. सॉफ्टवेअरमध्ये रायझिंगचं फॉलिंग करून बघू नका, तो वेगळा प्रश्न आहे. कंडिशनरच्या आत शिरणारा सिग्नलच उलटा असेल तर बाहेरची एज बदलून काही होत नाही.

चांगला ऑसिलोस्कोप नसेल तर डीएसओ१३८ चं छोटं स्कोप किट पुरेसं आहे, गायब जागेच्या आजूबाजूचा आकार त्यात छान दिसतो. काही जण लॅपटॉपच्या माइकच्या सॉकेटमध्ये सिग्नल घेऊन ऑडॅसिटी या ऑडिओ सॉफ्टवेअरमध्ये बघतात. चालतं, पण १०० किलोओहम आणि १ किलोओहमचा विभाजक मध्ये टाकल्याशिवाय नाही. माझ्या सेन्सरचं शिखर सेल्फच्या २०० आरपीएमला ०.७ व्होल्ट आहे आणि ३००० ला १० च्या पुढे जातं, कारण व्होल्टेज वेगाच्या प्रमाणात वाढतं. काही सेन्सर वरच्या वेगाला कित्येक दहा व्होल्ट देतात. लॅपटॉपचा माइक त्यासाठी बनलेला नाही.

झेनर लावला म्हणजे कंडिशनर झाला नाही

त्याच कारणाने व्हीआरची वायर थेट आर्डुइनो मेगाच्या पिनवर नेऊ नका. ऋण अर्धा भाग आणि मोठी शिखरं, दोन्ही पिनला मारतात. म्हणून लोक एक रेझिस्टर, एक झेनर आणि एक ट्रान्झिस्टर लावतात. पिन वाचते, पण हा जुगाड शून्य ओलांडणं न बघता ठरावीक व्होल्टेजची पातळी बघतो. सेल्फच्या वेळी लहान शिखर त्या पातळीपर्यंत उशिरा पोचतं, वेग वाढला की लवकर, त्यामुळे टायमिंग वेगासोबत आपोआप सरकतं. मग माणूस ते सरकणं टेबलात भरून काढायला जातो. कंडिशनरच हवा, मॅक्स९९२६ चा तयार बोर्ड किंवा एलएम१८१५, इनपुटला सिरीज रेझिस्टरसह.

वायरिंग

व्हीआरची दुसरी वायर इंजिनच्या ब्लॉकला लावून मोकळं होऊ नका. ब्लॉकमधून स्टार्टरचा करंट जात असतो, तो थेट सिग्नलमध्ये मिसळतो. दोन्ही वायरी पिळून, शिल्डमधून कंडिशनरपर्यंत न्या. शिल्ड फक्त ईसीयूच्या टोकाला अर्थ करा, सेन्सरकडचं टोक कापून टेप मारा. दोन्हीकडे अर्थ केलं की शिल्डमधूनच करंट वाहतो आणि जे टाळायचं तेच घरात येतं. डिस्ट्रिब्युटर ठेवला असेल तर प्लग रेझिस्टरवालेच घ्या, एनजीकेच्या बीपीआर६ईएस मधला आर त्याचाच आहे. सेन्सरची वायर प्लगच्या वायरींना समांतर जाऊ देऊ नका, ओलांडायचीच असेल तर काटकोनात. आणि पावसाळ्यात सेन्सरचं कनेक्टर उघडून बघा. खाडीकाठच्या शेडमध्ये पिना हिरव्या पडायला एक जुलै पुरतो.

हॉल सेन्सर आणि भला मोठा कपॅसिटर

हॉल सेन्सरला कंडिशनर लागत नाही, पण पुल-अप (सिग्नलची लाइन वर धरणारा रेझिस्टर) लागतो, कारण त्याचं आउटपुट सहसा ओपन कलेक्टर असतं. तो फक्त खाली ओढतो, वर न्यायचं काम रेझिस्टरचं. सेन्सरला सप्लाय १२ व्होल्टचा असला तरी पुल-अप ५ व्होल्टला. बोर्डावरचे जंपर व्हीआरवर राहिले नाहीत ना, तेही बघा, ही चूक मी दोनदा केली आहे.

सिग्नलमध्ये गोंगाट येतो म्हणून याच लाइनवर लोक १० नॅनोफॅरड टाकतात, आणि पुल-अप असतो १० किलोओहमचा. गुणाकार १०० मायक्रोसेकंद. वर चढणारी एज आर्डुइनोला ७० ते ९० मायक्रोसेकंदांनी उशिरा दिसते. १००० आरपीएमला क्रँक तेवढ्यात अर्धा अंश फिरते, कोणाला पत्ता लागत नाही. ६००० ला एक अंश २८ मायक्रोसेकंदांत उरकतो, म्हणजे अडीच ते तीन अंश टायमिंग रिटार्ड. पुल-अप १ किलोओहम करा, कपॅसिटर १ नॅनोफॅरड, आणि सॉफ्टवेअरमध्ये फॉलिंग एज निवडा. खाली ओढणारा ट्रान्झिस्टर दणकून ओढतो, त्याची एज रेझिस्टरच्या भरवशावर नसते.

सॉफ्टवेअरमधला ट्रिगर फिल्टरही जपून. तो 'अग्रेसिव्ह'वर टाकला की गोंगाटासोबत खरे दातही फेकले जाऊ शकतात, विशेषतः थ्रॉटल झटक्यात उघडल्यावर. आधी वायरिंग, मग फिल्टर, तोही सर्वांत हलका.

बेंचवर पास, इंजिनवर नापास

चक्राचा नकली सिग्नल तयार करणारा आर्डु-स्टिम उत्तम आहे, पण तो ईसीयूला स्वच्छ ५ व्होल्टचे चौकोनी पल्स देतो. त्यात सेन्सर नाही, फट नाही, कंडिशनर नाही. त्यावर सिंक आलं म्हणजे सेटिंग बरोबर आहेत, एवढंच. खरी परीक्षा ड्रिल मशीनला चक्र लावून, तोच सेन्सर, तीच लांबीची वायर, तोच कंडिशनर ठेवून करा. सेल्फइतक्या संथ वेगालाही दात पूर्ण येतात का ते बघा. बॅटरी चांगली चार्ज करून ठेवा. कॉम्प्रेशनपाशी क्रँक इतकी रेंगाळते की तीन सिलिंडरच्या इंजिनात साध्या दातांमधलं अंतरही दीडपट वाटू शकतं. स्पीडुइनोत सुरुवातीच्या एक-दोन फेऱ्या सोडून देण्याची सोय आहे, ती वापरा.

शेवटी टायमिंग लाइट. ट्यूनर स्टुडिओत टायमिंग १० अंशांवर फिक्स करा आणि १००० पासून ४००० पर्यंत वेग वाढवत पुलीवरची खूण बघा. खूण वेगासोबत हळूहळू एकाच बाजूला सरकली तर कुठेतरी उशीर होतोय, कपॅसिटर शोधा. उड्या मारत असेल तर दात किंवा वायर. लेथवरून पुली परत आली त्या रविवारी मामांनी लाइट धरला, मी थ्रॉटल. चार हजारला ते ओरडले, "अरे, ही हलतच नाहीये, लाइट बिघडला की काय?"