कार्बनचं बॉनेट : बोल्ट आवळायच्या आधी

कार्बन फायबरचं बॉनेट घेतलं असेल तर गाडीवर चढवायच्या आधी ते काट्यावर चढवा. जुनं आणि नवं, दोन्हींचं वजन करा. कुपवाडला माझं डेंटिंग-पेंटिंगचं शेड आहे, बावीस वर्षं झाली. शेजारच्या भंगारवाल्याकडं इलेक्ट्रॉनिक काटा आहे. कुणी असला पार्ट घेऊन आलं की आम्ही आधी तिथं जातो.

मागच्या उन्हाळ्यात इस्लामपूरचा एक मुलगा बॉनेट घेऊन आला. वरून विणकाम एकदम सुंदर, आरशासारखी चमक. काट्यावर ठेवलं, तर मूळच्या लोखंडी बॉनेटपेक्षा फक्त दीड किलो कमी. पालथं घातलं आणि आतला काळा रंग नखानं खरवडला, तर खाली पांढरट फायबर. म्हणजे सगळं अंग साध्या फायबरग्लासचं आणि वर कार्बनच्या कापडाचा एकच पदर. तो परत करायला निघाला, पण विकणाऱ्यानं घेतलं नाही. कारण पोरानं उत्साहाच्या भरात घरीच बॉनेट-पिनसाठी, म्हणजे बॉनेट वरून अडकवायच्या खिळीसाठी, दोन भोकं पाडली होती. तेव्हापासून येईल त्याला सांगतो, गाडीवर बसवून बघितल्याशिवाय ड्रिल हातात घ्यायचं नाही.

खऱ्या कार्बनमध्येही दोन जाती आहेत. एकात साच्यात कापड अंथरून हातानं किंवा व्हॅक्यूमनं रेझिन, म्हणजे वाळून कडक होणारा चिकट द्रव, भरतात, त्याला वेट कार्बन म्हणतात. दुसऱ्यात रेझिन आधीच मुरवलेलं कापड ऑटोक्लेव्ह नावाच्या बंद भट्टीत दाब आणि उष्णता देऊन भाजतात, तो ड्राय कार्बन. ड्राय हलका आणि ताठ, पण किमतीला फार चढा. रोजच्या गाडीला चांगला वेट कार्बन पुरतो. बघताना मधल्या रेषेपाशी विणकाम सरळ आहे का, कडांना सुईच्या टोकाएवढी छिद्रं आहेत का, ते बघा. मग नाण्यानं सगळीकडं टकटक करा. आवाज खणखणीत येत असताना मध्येच बद्द झाला, तर तिथं पदर सुटलेत. मी मिरजेत सतारमेकर गल्लीजवळ वाढलो, या बाबतीत डोळ्यापेक्षा कानावर माझा जास्त भरवसा आहे.

आता फिटिंग. जुनं बॉनेट काढायच्या आधी बिजागरीभोवती मार्करनं रेघ मारून ठेवा. उचलायला दोन माणसं हवीत. फेंडरच्या, म्हणजे पुढच्या चाकांवरच्या पत्र्यांच्या, कडांना मास्किंग टेप लावा. नवं बॉनेट ठेवून बोल्ट नुसते बोटांनी लावा, पाना नको. आणि पहिल्यांदा बॉनेट मिटताना खालचा स्ट्रायकर, म्हणजे लॉकमध्ये अडकणारा आकडा, काढूनच ठेवा. तो तिरका लागला आणि तुम्ही सवयीनं वरून दाबलं, तर नवीन पार्ट तिथंच तडकतो. लोखंड वाकतं, ठोकून सरळ करता येतं. कार्बन वाकत नाही, फुटतो.

मिटलं की आधी काचेकडची बाजू जुळवायची, मग दोन्ही फेंडरकडच्या गॅपा. मी 4 मिमीचं ड्रिल बिट फटीतून आडवं फिरवतो. दोन्हीकडं सारखं सरकलं पाहिजे. एकीकडं अडकलं आणि दुसरीकडं 8 मिमीचं बिट जात असेल, तर आधी बिजागरी सरकवून बघा. तरीही नाही जुळलं तर साचाच वाकडा आहे. ‘काका, घासून बसेल की!’ असं पोरं म्हणतात. एखादा मिलिमीटर घासून जातो, चार नाही जात. कडा घासून घासून पदर उघडे पडले की तिथून पाणी शिरतं. उंची शेवटी, कोपऱ्यातले रबरी बंपस्टॉप फिरवून. मगच स्ट्रायकर लावायचा.

एवढं करून गाडी दुपारी दोनला उन्हात उभी करा आणि गॅप परत मोजा. सांगलीच्या मे महिन्यात काळा पार्ट वरून उन्हानं तापतो, खालून इंजिननं. नीट न भाजलेलं रेझिन त्या उष्णतेत मऊ पडतं. सकाळी बरोबर बसलेली कड संध्याकाळी उचललेली दिसते.

स्ट्रायकर जिथं बसतो तिथं आत लोखंडी पट्टी पदरांत गाडलेली हवी. नुसती चिकटवलेली असेल तर हायवेला वाऱ्यानं बॉनेट उघडायची भीती, मग बॉनेट-पिन लावल्याशिवाय गाडी बाहेर काढू नका. गाडीला बॉनेट उचलून धरणारे मूळचे गॅस शॉकर असतील तर हलक्या बॉनेटला त्यांचा जोर जास्त होतो, ते कमी जोराचे बदला. बोल्टखाली मोठे वायसर घाला. कार्बन आणि धातू मात्र थेट टेकू देऊ नका. ओल लागली की ॲल्युमिनियमवर पांढरी भुकटी धरते, लोखंड लवकर गंजतं. मध्ये नायलॉनचा वायसर हवाच. महाबळेश्वर, कासकडं पावसात गाडी फिरत असेल तर हे अजिबात टाळू नका.

वरून यूव्ही अडवणारा टू-के क्लिअर, म्हणजे हार्डनर मिसळून मारायचा पारदर्शक थर, मारा, नाहीतर आतलं इपॉक्सी रेझिन उन्हानं पिवळं पडतं. घासायचं ते पाणी लावून आणि मास्क घालूनच. ती धूळ फुप्फुसाला वाईट आणि तिच्यातून वीज वाहते, त्यामुळं वायरिंगजवळ तर नकोच.

आता पैशाचं. चांगल्या बॉनेटनं सहा-सात किलो कमी होतात. टाकीत दहा लिटर पेट्रोल कमी भरलं तरी जवळपास तेवढंच वजन कमी होतं. त्यामुळं ॲव्हरेज वाढेल म्हणून घेऊ नका. आवड म्हणून घ्या, आणि पहिल्यांदाच घेत असाल तर आरशाच्या कव्हरपासून सुरुवात करा. कमी पैशात काम कळतं. विमा कंपनीला लेखी कळवा, नाहीतर अपघातानंतर त्या पार्टचे पैसे अडकतात. गाडीचा रंग किंवा रूप बदलत असेल तर आरटीओतही विचारून घ्या.

विकायच्या वेळी गिऱ्हाईक बदललेलं बॉनेट बघून आधी ‘ठोकली होती का?’ विचारतं. म्हणून जुनं बॉनेट भंगारात देऊ नका. गोधडीत गुंडाळून, भिंतीला टेकवून उभं ठेवा. आडवं ठेवलंत तर घरातले त्याच्यावर पोती रचतात.