कोरलचे कोर वाचताना या चुका टाळा, अर्ध्या मी स्वतः केल्यात

दर वर्षी पावसाळा सुरू झाला की मला तेच फोन येतात. एमएस्सीच्या कुठल्यातरी पोराला प्रोजेक्ट मिळालेला असतो, हातात पोराइट्सच्या कोरचा (प्रवाळात ड्रिल करून काढलेल्या लांब कांडीचा) एक स्लॅब असतो आणि दिवाळीच्या आत अरबी समुद्राचं शंभर वर्षांचं तापमान काढून द्यायचं असतं. मी घणसोलीला राहतो, नोकरी महाप्याच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये, कोरल हा शनिवार-रविवारचा उद्योग. मी कुणाचाच गाईड नाही, त्यामुळे तोंडावर बोलायला माझं काही जात नाही.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी दोन ओळी. पोराइट्स जातीचं कोरल वर्षाला साधारण एक सेंटिमीटर वाढतं, सांगाडा कॅल्शियम कार्बोनेटच्या एका रूपाचा, म्हणजे अ‍ॅरागोनाइटचा. पाणी गरम असलं की त्या सांगाड्यात कॅल्शियमच्या मानाने स्ट्रॉन्शियम कमी बसतं, जड ऑक्सिजनही कमी बसतो. म्हणजे वरून खाली खरवडत गेलं की महिन्या-महिन्याचं तापमान मिळतं. झाडासारखे वर्षाचे पट्टे पण असतात, एक्स-रेमध्ये दिसतात. १९७२ साली पॅसिफिकमधल्या एनेवेटॉक बेटाच्या कोरलवर हे पक्कं झालं, कारण तिथे अमेरिकेने अणुचाचण्या केल्या होत्या आणि त्यांचा किरणोत्सार सांगाड्यात त्या त्या वर्षी बसला होता. आयत्या तारखा छापून मिळाल्या. आपल्याकडे तसलं काही नाही, आपल्याला मोजावं लागतं, आणि तिथेच सगळे आपटतात.

एका वर्षाची दोन वर्षं करणं

माझी सगळ्यात नावडती चूक. कळव्याचा एक मुलगा होता, हुशार, पण कायम घाईत. त्याच्याकडे लक्षद्वीपचा कोर होता, एका संस्थेने रीतसर परवानगी घेऊन २०१२ मध्ये काढलेला, लांबी ४२ सेंटिमीटर. एक्स-रे नंतर काढू म्हणाला, आधी मिलिंग उरकलं, मिलिमीटर-मिलिमीटरवर पावडर काढली, स्ट्रॉन्शियम-कॅल्शियमचे रेशो मोजून आणले आणि ग्राफवर वरून खाली दऱ्या मोजत गेला. प्रत्येक दरी म्हणजे एक उन्हाळा. सत्तरच्या आसपास भरल्या. म्हणजे कोर १९४२ पर्यंत जातो! स्लाइड तयार, टायटल तयार.

आता लक्षद्वीपच्या समुद्राचं बघा. एप्रिल-मेमध्ये पाणी सगळ्यात गरम असतं, मग मान्सूनचं वारं सुटलं, ढग आले की जुलै-ऑगस्टमध्ये चांगलं थंड होतं, ऑक्टोबरला परत थोडं चढतं आणि जानेवारीत परत उतरतं. म्हणजे एका वर्षात दोन उन्हाळे. आपण इथे ऑक्टोबर हीटमध्ये ठाण्याच्या प्लॅटफॉर्मवर घामाघूम होऊन ट्रान्स-हार्बरची वाट बघतो आणि हेच समुद्रालाही होत असेल असं डोक्यात येत नाही. पॅसिफिकच्या नाहीतर ग्रेट बॅरियर रीफच्या कोरलवरचे पेपर वाचून आलेला माणूस एक दरी एक वर्ष धरून चालतो, आणि अरबी समुद्रात त्याचं वय जवळजवळ दुप्पट होतं. बरोब्बर दुप्पट झालं असतं तरी कुणाला शंका आली असती. पण काही वर्षी ऑक्टोबरची दरी इतकी उथळ असते की ती मोजलीच जात नाही, मग दुप्पटही नाही आणि बरोबरही नाही असं काहीतरी निघतं. त्याची वाढ आली वर्षाला सहा मिलिमीटर. पोराइट्सला हेही अशक्य नाही, म्हणून कुणालाच खटकलं नाही.

मला खटकलं ते वेगळ्याच कारणाने. पंधरा सेंटिमीटरवर एक दाट रेघ होती, वाढ अडखळल्याची. १९९८ च्या ब्लीचिंगमध्ये (पाणी तापून कोरल पांढरं पडतं ते) लक्षद्वीपचं बरंच कोरल मेलं, जे वाचलं त्याच्या अंगावर अशी खूण असू शकते. याच्या मोजणीत ती रेघ आली १९८७ ला. मी विचारलं, हे काय? तर म्हणतो, "सर, ८७ ला एल निनो होता ना, दुष्काळ पण पडला होता." घ्या! होताच की, ८७ चा दुष्काळ आमच्या घरी अजून सांगतात. पण एल निनो दर दोन ते सात वर्षांनी येतोच, तुमची तारीख कितीही चुकली तरी शेजारी एखादा साक्षीदार उभा असतोच. म्हणून मी एल निनोला पुरावा मानत नाही. आधी तारीख, मग एल निनो.

शेवटी त्याच कोरचा दुसरा अर्धा स्लॅब घेऊन आम्ही नौपाड्यातल्या एका एक्स-रेवाल्याकडे गेलो. काउंटरवरच्या ताईंनी पेशंटचं नाव विचारलं, मी पोराइट्स सांगितलं. वय? म्हटलं ते कळायलाच आलोय. त्या हसल्या नाहीत. फिल्मवर त्या रेघेपर्यंत दाट-विरळ पट्ट्यांच्या स्वच्छ १४ जोड्या होत्या, वर्षाला एक, म्हणजे १९९८, आणि अख्खा कोर जेमतेम १९७३ पर्यंत जात होता. पोराचं तोंड एवढंसं झालं.

धोक्याची खूण त्याच्या एक्सेलमध्ये पहिल्या दिवसापासून होती. मिलिमीटरला एक सॅम्पल घेतला तर सेंटिमीटरभर वाढीच्या वर्षात दहा-एक पॉइंट यायला हवेत, याच्या प्रत्येक "वर्षात" पाच नाहीतर सहा. त्याने काय केलं, सॉफ्टवेअरला सांगून त्याचे बारा करून घेतले, महिने दिसायला पाहिजेत म्हणून. सॉफ्टवेअर नाही म्हणत नाही.

माझी सवय अशी. आधी एक्स-रे, मग मिलिंग, हे उलटं करायचं नाही, कितीही घाई असो. त्या बेटाजवळचं सॅटेलाइटचं तापमान, ते ऐंशीच्या दशकापासून मिळतं, प्रिंट काढून भिंतीवर लावायचं आणि वर्षात किती चढउतार आहेत ते बोटाने मोजायचं. मग एप्रिल-मेची खोल दरी आणि जुलै-ऑगस्टचं शिखर अशा दोन खुंट्या दर वर्षी मारायच्या. आणि कोर साठ-सत्तर वर्षांचा वाटत असेल तर तळाचा एक सॅम्पल रेडिओकार्बन (किरणोत्सारी कार्बन) मोजायला पाठवा. पन्नास-साठच्या दशकांतल्या अणुचाचण्यांनी समुद्रातलं रेडिओकार्बन वाढवलं, ते तळाला वाढलेलं दिसलं तर तुमचं १९४२ तिथेच खलास. एकच सॅम्पल. पण त्याचे पैसे वाचवायचे असतात.

मार्बलवाल्याकडे स्लॅब कापणं

ही माझी चूक, कुणावर ढकलता येत नाही. पहिला कोर मिळाला तेव्हा सात मिलिमीटरचे स्लॅब पाडायचे होते आणि लॅबमध्ये नंबर लागायला दोन महिने. तुर्भ्याला एक मार्बल कटिंगवाला ओळखीचा होता, मोठी डायमंड ब्लेड, अर्ध्या तासात काम. कटही सुंदर आले, मी खूश, येताना वडापाव खाऊन घरी.

रेशो आले तर काही काही ठिकाणी समुद्र दोन-तीन डिग्रीने तापलेला. तेही नेमकं जिथे सांगाडा विरळ, भोकाभोकाचा, तिथेच. मी आठवडाभर हवेत होतो, घरात बायकोलाही ग्राफ दाखवला. ती बघून म्हणाली, मध्येच एवढा ताप येऊन लगेच उतरला कसा? माझ्याकडे उत्तर नव्हतं.

झालं होतं असं की कटिंगवाल्याचं पाणी ट्रेमधून फिरून फिरून तेच येतं, दुधासारखं पांढरं. ते पांढरं म्हणजे मार्बलचा भुगा, मार्बल म्हणजे कॅल्साइट, कॅल्शियम कार्बोनेटचंच दुसरं रूप, आणि त्यात स्ट्रॉन्शियम कोरलच्या मानाने फारच कमी. कोरल स्पंजसारखं सच्छिद्र, त्याने ते सगळं पिऊन घेतलं. हिशोब करा: कोरलचा रेशो नऊच्या आसपास (कॅल्शियमच्या हजार अणूंमागे स्ट्रॉन्शियमचे नऊ), शंभरात एक भाग कॅल्साइट घुसलं तर तो साधारण ०.०९ ने उतरतो, आणि डिग्रीला ०.०६ धरलं तर दीड डिग्री गरमी फुकटात. एक टक्क्यात! एक्सआरडी (एक्स-रेने खनिज ओळखायची टेस्ट) केल्यावर कॅल्साइटचा पीक सरळ उभा दिसला. अल्ट्रासॉनिकमध्ये कितीदा धुतलं, पूर्ण काही निघालं नाही. उरलेल्या तुकड्यातून नवे स्लॅब पाडले, लॅबच्या करवतीवर, दर कटला नवं पाणी, आणि हो, दोन महिने थांबून.

जुन्या कोरलमध्ये ही भेसळ समुद्र स्वतःच करतो, त्याला मार्बलवाला लागत नाही. कॅल्साइट भरलं तर तापमान खोटं चढतं, नवीन अ‍ॅरागोनाइट भरलं तर खोटं उतरतं, आणि ते एक्सआरडीत पकडलंच जात नाही कारण मूळ सांगाडाही अ‍ॅरागोनाइटच. त्यासाठी थिन सेक्शन (पातळ घासलेला काप) नाहीतर एसईएमखाली (इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप) डोळ्यांनीच बघावं लागतं. "सर, एक्सआरडी क्लीन आहे" हे ऐकलं की माझं डोकं सटकतं.

बाकीच्या चुका पटापट सांगतो. ड्रिल फुल स्पीडला लावू नका, उष्णतेने अ‍ॅरागोनाइटचंच थोडं कॅल्साइट होतं. वाढीच्या मुख्य रेषेवरूनच खरवडा, जिथे कोरलाइट (कोरलच्या एकेका जीवाच्या नळ्या) स्लॅबमधून तिरके बाहेर येतात तिथले आकडे कितीही गोड दिसले तरी सोडून द्या. सगळ्यात वरचे काही मिलिमीटर जिवंत थराचे, तिथे सांगाडा अजून भरत असतो, त्यावर कॅलिब्रेशन (रेशोवरून तापमान काढायचं समीकरण बसवणं) करू नका. दुसऱ्या बेटाचं समीकरण उसनं घेऊ नका. जपानचं जेसीपी-१ स्टँडर्ड (रेशो आधीच माहीत असलेली कोरलची पावडर) प्रत्येक बॅचमध्ये चालवा, ८.८३८ च्या जवळ येत नसेल तर तो दिवस मशीनचा, तुमचा नाही. कार्बन-१३ (जड कार्बन) काळानुसार कमी होताना दिसला की त्यात हवामान शोधू नका, त्यातला बराच भाग आपण जाळलेल्या कोळशा-तेलाचा आहे.

आणि नुसत्या जड ऑक्सिजनला थर्मामीटर समजू नका. डिग्रीला ०.२ पर मिल (हजारात ०.२) हे सगळ्यांना पाठ असतं, पण पाण्याचा खारेपणा बदलला की तोही त्याच आकड्यात मिसळतो. हिवाळ्यात बंगालच्या उपसागराचं गोडसर पाणी वळसा घालून लक्षद्वीपकडे येतं, ते कोरलला गरमीसारखंच दिसतं. स्ट्रॉन्शियम आणि ऑक्सिजन एकाच पावडरवर मोजा, मग दोघांच्या फरकातून खारेपणा काढता येतो.

एक शेवटचं. "अंदमानहून आणलेलं कोरल शोकेसमध्ये आहे, त्यातून काही निघेल का" असं विचारू नका. सगळं कठीण कोरल वन्यजीव कायद्याच्या शेड्यूल एकमध्ये आहे, वाघाच्या रांगेत. ते उचलणं, आणणं गुन्हा आहे, आणि किनाऱ्यावर घासून आलेल्या त्या गोट्याचं वरचं टोक कुठल्या वर्षीचं हे कुणालाच सांगता येत नाही, मलाही नाही.