मित्राला डॉक्युमेंटरी बघायला लावायची तर

आधी एक सांगतो, ‘डॉक्युमेंटरी’ हा शब्दच काढू नका, ऐकला की अर्धे लोक शाळेतल्या पडद्यासमोर जाऊन बसतात. गोष्ट सांगा. म्हणजे असं की दिल्लीत दोन भाऊ तळघरात जखमी घारींवर उपचार करतात, हवा इतकी घाण की पक्षी आकाशातून खाली पडतात, आणि तिथेच थांबा, पुढचं त्याने विचारू दे, मग नाव सांगा, ‘ऑल दॅट ब्रीद्स’, शौनक सेनची, २०२२ ची.

मी म्हापशात रसऑम्लेटच्या गाड्यावर एकाला असंच पकडलं, पाव रश्शात बुडवता बुडवता त्याचा हात थांबला, तेव्हाच कळलं की काम झालं.

आळशी माणूस असेल तर ‘द एलिफंट व्हिस्परर्स’, साधारण ४० मिनिटं, हत्तीचं पिल्लू, ऑस्कर पण मिळालंय, नाही म्हणायला काही कारणच उरत नाही. एका वेळी एकच नाव हं, मी एकदा ग्रुपवर बारा नावं टाकली, एकानेही एकसुद्धा बघितली नाही!

आणि नोव्हेंबरात इफ्फीला, म्हणजे भारताच्या आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवाला, पणजीत सोबतच घेऊन जा. फक्त बघताना ‘आता बघ हां’ करू नका.